हत्तीचा घास

रविवार, ९ तारीख

लाडक्या ताईला,

पत्राची सुरुवात कशी करतात ते आमच्या खोलीतल्या सुताराला विचारलं. तो म्हणाला, "मोठ्या बहिणीला आधी साष्टांग नमस्कार घाल, मग आपली खुशाली कळव, मग जे मागायचंय ते माग." तर साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. मागायचं काही नाही. झालं की पत्र!

थांब, फाडू नकोस. फोन सोडून या भिंगऱ्याला पत्राचं खूळ कुठून लागलं, असं तुला वाटलं असेल. फोनवर तुझ्या शेजारी दाजी असतात, आतून सासूबाईंचे कान असतात, आणि मी बोलायला लागलो की पाटाचं दार उघडल्यासारखं सगळं एकदम वाहतं. पत्रात लिहिलेलं खोडता तरी येतं. पोस्टमन तुझ्या बालवाडीच्या वेळेला येतो, तेव्हा घरात तू आणि पोरंच असता, हेही माझ्या ध्यानात आहे.

अक्षर वाकडंतिकडं आलंय, सांभाळून घे. पेन नवीन आहे.

तुझे थोरले दीर बरे आहेत. इथे मी त्यांना मुकादमच म्हणतो, कामावर नातं काढलेलं त्यांना खपत नाही. आवाज तोच, पोट जरा पुढे गेलंय. या आठवड्यात त्यांनी मला हलकं काम दिलंय, पाणी मारायचं, गवत लावायचं. का दिलंय ते पुढे कधीतरी.

पण काम गमतीचं आहे. लहान मुलांची शाळा आहे, तुझ्या बालवाडीसारखीच. तुझी घराच्या पुढच्या खोलीत भरते, हिला मोठं अंगण आहे, एवढाच फरक. तिथल्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "घसरगुंडी नको, झोपाळे नकोत. मला दगड द्या." मुकादमांनी तोंडावर हो हो केलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "आपल्या बापजाद्यांची दगड फोडता फोडता कंबर मोडली, आणि हे लोक दगड विकत आणून पोरांना खेळायला देतात. जग उलटं फिरायला लागलंय बघ."

मला मात्र बाईंचं पटलं. त्या मुलांना काही शिकवत नाहीत, नुसतं विचारतात. यातला कोणता जड, हातात घेऊन सांग. ओला केल्यावर रंग का बदलला? वरून गरम आहे, मग खालून गार कसा? एक पोरगं तर दगडाखालचा किडा बघत मधली सुट्टी संपेपर्यंत उकिडवं बसलं होतं. मला आपली पायरी आठवली. मास्तर मला वर्गाबाहेर काढायचे, "हा भिंगऱ्या एका जागी बसला तर मी मिशी उतरवीन" म्हणायचे, आणि तू दारातल्या पायरीवर खडे मांडून बेरीज शिकवायचीस. "चार खडे तुझे, तीन माझे, एकत्र केले तर भांडणं किती?" माझं शिक्षण काय ते तेवढंच. पण पक्कं झालं. मास्तरांची मिशीही तशीच राहिली.

आम्ही अंगणात बसायला चपट्या दगडांचं गोल रिंगण केलंय. एका लांब हौदात नदीचे गुळगुळीत गोटे भरलेत, ते मोजायला, मांडायला, बुरूज रचायला. चढायला मोठे दगड आहेत. पोरांनी त्यांना नावं ठेवली. एक बस आहे, एक दुकान आहे, आणि सगळ्यात मोठा आहे तो हत्ती. एक चिमुरडी आहे, कोटाला एकच बटण शिल्लक आहे तिच्या, म्हणून मी तिला बटण म्हणतो. तिने माझी आणि हत्तीची रीतसर ओळख करून दिली. "हा आमचा हत्ती. आणि हे काका, गवत लावतात." हत्तीने काही नमस्कार केला नाही.

एक विचारायचं होतं. तुझी पोरं खेळताना बोटं कुठेही घालत असतील ना, फटीत, भोकात? त्यांना थांबवतेस कशी? ओरडतेस? की ओरडलं की दचकून भलतंच करतात? सहज विचारतोय. सुताराचं पोरगं लहान आहे, त्याच्यासाठी.

तुझ्या पोरांसाठी इथले चांगले चांगले खडे बाजूला काढून ठेवतोय. एकावर पांढरं कडं आहे, अंगठीसारखं.

पायाला चाकं असलेला तुझा धाकटा,
भिंगऱ्या


बुधवार, १९ तारीख

ताई,

पकडलंस मला. "सुताराचं लग्न व्हायचंय, हे तूच मागे फोनवर सांगितलं होतंस. मग पोरगं कुठून आलं?" हे वाक्य मी सुताराला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, "तुझी बहीण पोलिसात का नाही गेली?"

तू लिहिलंस की ओरडायचं नाही. पोरांच्या खेळात आपण शिरायचं आणि खेळातूनच त्यांना हळूच बाहेर काढायचं. हे मी घोकून ठेवलंय. आणि खाली दोन ओळी लिहिल्यास, "पेन नवीन म्हणतोस, मग अक्षर असं का? कुणाची बोटं रे?"

सांगतो. पण क्रमाने सांगू दे, नाहीतर मला जमायचं नाही.

तो हत्ती आहे ना, तो मी उभा केलाय. म्हणजे क्रेनवाल्याने उचलला, मुकादमांनी हात करून दाखवलं आणि खाली बुडाशी मी होतो. क्रेनवाला म्हणत होता, "आडवा झोपव रे याला. डोंगरात ज्या कुशीवर झोपलेला तसाच झोपव. आणि तिसरा हिस्सा मातीत जाऊ दे." दगडाच्या एका अंगाला पांढरी रेघ आहे, सुळ्यासारखी. आडवा टाकला असता तर ती खाली गेली असती. मुकादम म्हणाले, "सुळा दिसला पाहिजे. उभा कर. उंच दिसेल, फोटोत भरेल." आता उभ्या अंगाला बूड किती, तर आपल्या जात्यापेक्षा थोडं जास्त. म्हणून आम्ही दोन्ही बाजूंनी दगडी पाचरी मारल्या, तात्पुरत्या. दुसऱ्या दिवशी काँक्रीट ओतायचं ठरलं. काँक्रीटची गाडी दुसऱ्याच कामावर गेली. त्यात शाळेचे अध्यक्ष बघायला येणार होते. मुकादम म्हणाले, "माती भर, गवत लाव, नंतर बघू."

माती मी भरली. गवतही मीच लावलं. मी लावलेलं गवत लगेच धरतं, तसं धरलं. खाली काय आहे ते आता कुणाला दिसत नाही. ते "नंतर" अजून यायचंय.

सगळ्यात आधी कळलं ते पोरांना. मोठ्या माणसांना त्याचा पत्ता नाही. बटणने मला कानात सांगितलं, "काका, आमचा हत्ती डुलतो. कुणाला सांगायचं नाही हं, नाहीतर नेतील." आणि दाखवलं. चार पोरं हत्तीच्या शेपटीकडे सरकून बसली की पुढे बुडाशी गवताखाली फट उघडते. ते त्याचं तोंड. मग पोटावर आडवं पडून कुणीतरी त्या तोंडात हौदातले गोटे सारायचे. तो घास. मग वरची पोरं सगळी एकदम डोक्याकडे धावतात. हत्ती पुढे कलतो, तोंड मिटतं आणि आतून आवाज येतो. टक.

"खाल्ला!" म्हणून सगळी टाळ्या पिटतात.

ताई, मी नंतर ते गोटे बाहेर काढून बघितले. नदीने किती वर्षं घासून गुळगुळीत केलेले, टणक गोटे. मध्ये चिरले होते, कडांना पांढरं पीठ झालं होतं.

घास सारायची पाळी असते. ज्याचे हात सगळ्यात लहान त्याची पाळी जास्त, कारण त्याचा हात आतपर्यंत जातो. बटणचा कोपरापर्यंत जातो.

बाईंना काही माहीत नाही. त्या लांबून बघतात, पोरं आज हत्तीला किती घास दिले ते मोजतात म्हणून कौतुक करतात. फळ्यावर रोजचा आकडा लिहितात. मी गवताला पाणी मारत तो आकडा बघतो आणि तेवढ्या वेळा हात आत गेला, असं मोजतो.

मुकादमांना मी सांगितलं. लगेच सांगितलं, हे तरी माझ्या पदरात टाक. ते म्हणाले, "डुलतो तर डुलू दे, पोरांना मजा येते. तोंडात अजून एक पाचर ठोकून दे. पण बाईंच्या नजरेला पडू देऊ नको. मधल्या सुट्टीत कर, गवत लावतोयस असं वाटेल."

मधल्या सुट्टीत केलं. पाचर आत सरकवत होतो. वर कोण आहे ते बघितलं होतं, तिघंच होती, मागे बसलेली. मग दुकान खेळणारी पोरं भांडण सोडून इकडे आली, हत्तीवर चढली आणि धावली डोक्याकडे. त्यांना काय माहीत खाली कोण आहे?

डाव्या हाताची दोन बोटं. करंगळी आणि तिच्या शेजारचं. आहेत जागेवर, घाबरू नकोस, पण वाकत नाहीत आणि नखं गेलीत. डावा हात बांधलेला, म्हणून कागद धरता येत नाही, लिहिताना सरकतो. पेनाचा काही दोष नाही. बिचारं चांगलं पेन आहे.

मी ओरडलो नाही. कसं कोण जाणे, पण ओरडलो नाही. बटण तिथेच होती. तिने बघितलं. मी म्हटलं, "हत्तीला वाटलं घासच आहे." ती म्हणाली, "तो चुकून चावला. तो चांगला आहे." मग थोडा विचार करून म्हणाली, "तुमचा हात मोठा आहे ना, म्हणून अडकला. माझा लहान आहे."

तेव्हापासून मला जेवण जात नाही. माझ्या हातावर घट्टे आहेत ताई, फावडं धरून धरून चामडं झालंय, त्याची ही गत. तिच्या बोटांना तर अजून हाडं आहेत की नाही कोण जाणे.

नवी पाचरही बसलेली नाही. माती ओली आहे, ठोकावी तशी आत जाते आणि सैल होते.

काल मुकादमांना परत म्हटलं. तर ते बाईंसमोर हत्तीवर चढले, पोटासकट, आणि शेपटीकडे उभे राहून दणादण उड्या मारल्या. "बघा बाई, दगड आहे की डोंगर!" चढताना शेपटीकडचं अंग एकदा टेकलं, की मग तिकडे हत्ती हलणार कसा? कडेला उभी असलेली पोरं तोंडावर हात ठेवून हसत होती. बाईही हसल्या. मी हसलो नाही. मुकादमांनी ते बघितलं.

नंतर त्यांनी मला भिंतीआड नेऊन काही सांगितलं. ते लिहीत नाही.

बाईंना का सांगत नाहीस, असं विचारू नकोस. तुला वाटतं तेवढं ते सोपं नाही. बालवाडी चालू आहे ना? घरात सगळं नीट ना? दाजी काही बोलले का? एवढं मात्र नक्की कळव.

हात दिसू नये म्हणून खिशात घालून हिंडणारा तुझा,
भिंगऱ्या


शुक्रवार, २१ तारीख

ताई,

हे मी हत्तीवर बसून लिहितोय.

हसू नकोस. नीट ऐक, कारण वेळ किती आहे ते मला माहीत नाही. बाईंनी क्रेनवाल्याला फोन केलाय. तो येईपर्यंत मला हलायचं नाही. आणि हात रिकामे असले की मी हलतो, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत? म्हणून बाईंकडे कागद मागितला. त्यांनी चित्रकलेचे कागद दिले, बरोबर पेन्सिल. मांडीखाली एक टोक दाबून लिहितोय. लिहिताना माणूस जरा तरी थिजून बसतो.

काल खूप पाऊस झाला. सकाळी मी शाळेच्या आधीच आलो, कारण माती वाहिली असणार हे कळत होतं. उद्या पालकांचा दिवस आहे. सगळ्या वर्गाचा हत्तीवर बसून फोटो काढायचा ठरलाय, एकूण एक पोरांचा. मनात होतं की काहीतरी करून दोरी तरी बांधू, चिखल झालाय म्हणून कुणाला जाऊ देऊ नये असं तरी बाईंना सांगू. खोटंच काहीतरी. खरं सांगायची अजून छाती होत नव्हती.

फाटकातून आत आलो. कामावर जाणारे आईबाप पोरांना लवकर सोडतात, ती चार-पाच पोरं आलेली होती. तिघं हत्तीच्या शेपटीवर. आणि बटण खाली चिखलात पोटावर पडलेली, गाल दगडाला टेकलेला, एक हात दिसतच नाही.

गवत एका बाजूने सुटलं होतं. पाचर बाहेर येऊन पडली होती. तोंड कधी नव्हे एवढं उघडं. बटणचा हात खांद्यापर्यंत आत.

आणि वरचा एक पोरगा म्हणत होता, "झालं का? धावू का?"

ताई, माझ्या तोंडात तुझी नाही तर मास्तरांची हाक आली होती. "ए ऽ ऽ" अशी. ती मी गिळली. ओरडलो असतो तर वरची दचकून पुढे पळाली असती. तुझं वाक्य डोळ्यापुढे होतं, खेळात शिरायचं. मी चालत गेलो. पळालो नाही. शेपटीकडून वर चढलो, त्या तिघांच्याही मागे अगदी कडेला बसलो, त्यांना दोन्ही हातांनी माझ्याकडे ओढलं आणि कुजबुजलो, "शूऽऽ. हत्ती झोपलाय. जो हलेल तो बाद."

बसली. तिघंही मांडीला मांडी लावून बसली, श्वास रोखून.

मग म्हटलं, "बटण, त्याला घास देऊ नको आता. झोपेत घशात अडकेल. हात काढ. हळू. त्याला कळता कामा नये."

तिने हात काढला. एवढा हळू काढला ताई, एवढा हळू. खेळाचे नियम ती नीट पाळते. आधी दंड दिसला, मग कोपर, मग मनगट. मुठीत गोटा तसाच होता, म्हणून मूठ कडेला अडकली. मी म्हटलं, "गोटा सोड." ती म्हणाली, "मग मोजायचा कसा?" मी म्हटलं, "मी मोजतो. सोड." गोटा आत पडल्याचा आवाज आला. मग बोटं बाहेर आली. पाच होती. मी मोजली. परत मोजली.

मग पोरांना एकेक करून मागच्या मागे, माझ्या अंगावरून खाली उतरवलं. शेवटचा पोरगा उतरला तेव्हा माझ्याखाली हत्ती जरासा सरकला. टक नाही. दुसराच आवाज. कुणी झोपेत दात खावेत तसा. आता मी उठलो तर तो पुढे जाणार, आणि या वेळी तोंड मिटून थांबणार नाही, आडवाच पडणार. पुढे कुठे पडणार, तर हौदावर. हौदाभोवती एव्हाना पोरं गोळा झाली होती.

बाई आल्या. म्हणाल्या, "अरे, खाली उतर, मुलांचा आहे तो." मी म्हटलं, "बाई, आधी पोरांना आत न्या. मग सांगतो." त्या म्हणाल्या, "पण झालं काय?" पोरांकडे बघितलं तर सगळी गप्प. कुणी तोंड उघडेना. हत्ती नेतील ही भीती. बटण माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती, सांगू नका म्हणून.

मी बांधलेला हात सोडला आणि बाईंना दाखवला. "याच्याखाली आला होता. याला बूड नाही. नुसती माती आहे. मीच भरलीय."

बाईंनी हात बघितला. मग फट बघितली. मग फळ्याकडे बघितलं, तिथे कालचा घासांचा आकडा होता. त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांचीच कीव आली. पोरांना आत नेलं, दारात उभं राहून डोकी मोजली, आत गेल्या, परत बाहेर येऊन परत मोजली. मग फोन.

पहिला फोन क्रेनवाल्याला. दुसरा मुकादमांना. मी म्हटलं नव्हतं करू नका म्हणून. कसं म्हणणार?

आता ते सांगतो, जे परवा लिहिलं नाही.

भिंतीआड मुकादम मला म्हणाले, "तुझ्या बहिणीची खड्यांची शाळा माझ्या घराच्या पुढच्या खोलीत भरते. माझ्या धाकट्या भावाने विचारलं, मी हो म्हटलं. आजवर एका शब्दाने बोललो नाही. ती खोली उद्या मला लागते की नाही, ते तुझ्या जिभेवर आहे." खांद्यावर हात ठेवून म्हणाले, अगदी मायेने. "नात्यातला आहेस म्हणून सांगतो."

म्हणून मी परवाच्या पत्रात तुला बालवाडीचं विचारलं आणि कारण सांगितलं नाही. रात्रंदिवस तराजू घेऊन बसलो होतो. एका पारड्यात तुझी खोली, तुझी पोरं, घरातलं तुझं ताठ मानेचं चालणं. बालवाडी सुरू झाली त्या दिवसापासून तुझा आवाज बदललाय, फोनवरसुद्धा कळतं. दुसऱ्या पारड्यात ते तोंड. मला वाटायचं, काही होणारही नाही कदाचित. काँक्रीटची गाडी येईलही. असं वाटण्यात किती दिवस गेले बघ. आज मी थोडा उशिरा आलो असतो तर, इतकंच लिहून थांबतो. पुढचं लिहायला पेन्सिल तयार नाही.

तुला विचारायला हवं होतं. खोली तुझी, संसार तुझा, आणि ते मी इथे दगडावर बसून परस्पर मोडतोय. पण विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे. आणि मग घरात तुला म्हणता आलं नसतं की मला काही माहीत नव्हतं. आता म्हणता येईल. दाजींना म्हण, भाऊ वेडा आहे, लहानपणापासूनच आहे, मास्तरसुद्धा सांगतील.

भीती वाटते गं. दगडाची वाटते. माझ्या बुडाखाली तो मधून मधून पुटपुटतो. पाय बधिर झालेत, नाकावर माशी बसली तरी हाकलत नाही. पण त्याहून जास्त भीती ही वाटते की मुकादम येऊन काहीतरी गोड बोलतील आणि मी उतरेन. मला त्यांच्याकडे नाही म्हणता येत नाही. आजपर्यंत कधी म्हटलं नाही. म्हणून मनाशी ठरवलंय, बोलायचंच नाही. नुसतं बसायचं. बसलेल्याला कुणी काय करणार?

खिडकीच्या काचेला सगळी पोरं चिकटलीत. बटण पहिली. रागावलीय माझ्यावर. मी सांगितलं ना. मी तिला खूण केली की हत्ती झोपलाय. तिने तोंड फिरवलं. मग परत वळून, बोट ओठांवर ठेवून, शेजारच्या पोराला गप्प केलं.

गाडी आली. क्रेन असेल वाटलं. मुकादमांची आहे. फाटकापाशी थांबवली, खिडकीतून माझ्याकडे बघतायत, दार उघडलेलं नाही अजून. मागे रस्त्यावर काहीतरी जड वाजतंय. क्रेनच असेल. क्रेनच असू दे.

क्रेनवाल्याकडे देईन हे पत्र, तो टाकेल पेटीत. माझ्याकडून टाकलं गेलं नाही तर.

सुताराने सांगितलं होतं, खुशाली कळवून झाली की मागायचं. पहिल्या पत्रात मी काही मागितलं नव्हतं, ते आता मागतो. खोली गेली तर पोरांना सुट्टी देऊ नकोस. खडे गोळा कर आणि पायरीवर बस. खड्यांना खोली लागत नाही, पायरी पुरते. मला पुरली होती. आणि पोरांना माझी गोष्ट सांगू नकोस. फक्त एवढं शिकव की खडा वरून उचलायचा, हात कधी खाली घालायचा नाही.

दार उघडलं त्यांनी. येतायत.

मास्तर इथे असते तर आज मिशी गेली असती त्यांची.

एका जागी बसलेला तुझा,
भिंगऱ्या